तळवासी जलचरांची साक्ष आणि आपले वाचन : नद्यांच्या रासायनिक प्रदूषणाच्या निदानपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

उन्हाळा सरत आला की पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच आढळल्याचे वृत्त कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकाला नवीन राहिलेले नाही. शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्याचे नाव अशा वृत्तांत वारंवार येते. त्यानंतरचा क्रमही ठरून गेला आहे. गावकरी ओरड करतात, अधिकारी येतात, पंचनामा होतो आणि पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून प्रयोगशाळेकडे रवाना होतात. परंतु ज्या पाण्याने मासे मेले ते पाणी तोवर पुढे वाहून गेलेले असते. बाटलीत येते ते नंतरचे पाणी. नमुना आणि घटना यांच्यातील हे अंतर भरून काढण्याचे एक साधन जीवशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच दिलेले आहे. नदीच्या तळाशी, दगडांखाली व गाळात राहणारे लहान प्राणी हे ते साधन होय. हे प्राणी घटनेच्या वेळी तेथे हजर असतात आणि सहसा तेथून दूर जात नाहीत.

या प्राण्यांच्या आधारे नदीची परीक्षा करणारे निबंध आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांतून गेली अनेक वर्षे प्रसिद्ध होत आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे, कारण या अभ्यासाला महागडी यंत्रे लागत नाहीत आणि ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापक व विद्यार्थी तो करू शकतात. तथापि, या निबंधांत साक्ष नोंदविण्यावर जेवढा भर असतो तेवढा ती वाचण्यावर नसतो. प्राण्यांची यादी होते, निर्देशांक काढला जातो आणि ‘सदर नदी मध्यम प्रदूषित आहे’ असा निष्कर्ष लिहून निबंध संपतो. प्रदूषण कशाचे, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. कित्येकदा सांडपाण्याची खूण रासायनिक प्रदूषणाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. प्रस्तुत निबंधात या पद्धतीची, तिच्या गृहीतकांची आणि कोल्हापूर जिल्ह्यातील नद्यांना ती लागू करताना येणाऱ्या अडचणींची चिकित्सा केली आहे.

विवेचनाची उद्दिष्टे

१) तळवासी जलचरांवर आधारित प्रचलित मापनपद्धती मुळात कशाचे मापन करतात, हे तपासणे.
२) परदेशी गुणांकन व विविधता निर्देशांक आपल्याकडे वापरताना होणाऱ्या चुका दाखविणे.
३) कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे निदानात निर्माण होणारा घोळ स्पष्ट करणे.
४) रासायनिक प्रदूषणाच्या निदानासाठी महाविद्यालयीन पातळीवर शक्य असलेला मार्ग सुचविणे.

तळवासी प्राणी साक्षीदार का ठरतात?

साधारणपणे अर्धा मिलिमीटर छिद्रांच्या जाळीत अडकतील एवढ्या आकाराचे, पाठीचा कणा नसलेले प्राणी या अभ्यासात घेतले जातात. चतुर व टाचणी यांच्या अळ्या, मेफ्लाय, स्टोनफ्लाय व कॅडिसफ्लाय या कीटकांच्या जलचर अवस्था, डासासारख्या पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माशीच्या अळ्या, जळवा, गांडुळाच्या गोत्यातील बारीक कृमी, गोगलगायी, शिंपले आणि खेकडे हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी काहींचे पाण्यातील आयुष्य काही आठवड्यांचे, तर शिंपल्यांचे अनेक वर्षांचे असते. महिन्यातून एकदा घेतलेला पाण्याचा नमुना त्या एका क्षणाची माहिती देतो. याउलट हे प्राणी त्या महिन्यातील तीसही दिवस पाणी सोसत असतात. मध्यरात्री सोडलेले मळीमिश्रित पाणी सकाळी बाटलीत सापडणार नाही, पण त्याने मारलेली अळी दुसऱ्या दिवशी दगडाखाली परत येणार नाही. या प्राण्यांचे महत्त्व त्यांच्या या स्थिरतेत आहे.

कायद्यालाही ही दृष्टी परकी नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधील प्रदूषणाच्या व्याख्येत पाण्याच्या भौतिक व रासायनिक गुणधर्मांबरोबर जैविक गुणधर्मांतील बदलाचा उल्लेख आहे आणि जलचरांच्या जीविताला होणारी हानीही तिच्यात अंतर्भूत आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ खालील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत, पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, अशी कसोटी आहे. म्हणजे जिवंत प्राण्याची साक्ष आपल्या व्यवस्थेने तत्त्वतः मान्य केलेली आहे. प्रत्यक्षात मात्र नदीचे भवितव्य ठरते ते मुख्यतः एका रासायनिक आकड्यावर.

हा आकडा म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, अर्थात बी.ओ.डी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. २०२२ च्या अहवालात ही संख्या देशात ३११ व महाराष्ट्रात ५५ अशी आली. या याद्यांतील अग्रक्रम बी.ओ.डी.वरून ठरतात. प्रतिलिटर ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक बी.ओ.डी. असलेला पट्टा पहिल्या अग्रक्रमात, तर ३ ते ६ मिलिग्रॅमचा पट्टा पाचव्या अग्रक्रमात येतो. बी.ओ.डी. हे कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचे माप आहे. मैलापाणी व मळी यांना ते अचूक पकडते. कीटकनाशक, जड धातू किंवा रंगद्रव्ये यांच्याविषयी ते जवळजवळ मूक असते. किंबहुना, विषारी द्रव्याने पाण्यातील जिवाणूच मेले तर बी.ओ.डी. खरी असावी त्याहून कमी दिसू शकते. म्हणूनच रासायनिक प्रदूषणाच्या निदानासाठी प्राण्यांकडे वळणे योग्य ठरते. परंतु येथेच सावध होण्याची गरज आहे. आपण प्राण्यांकडे वळतो, आणि त्यांची साक्ष पुन्हा बी.ओ.डी.च्याच भाषेत वाचतो.

पद्धतीचा पूर्वेतिहास आणि तिची मर्यादा

कोल्कविट्झ व मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सॅप्रोबिक पद्धती मांडली. सांडपाणी मिसळल्यानंतर नदी क्रमाक्रमाने कशी सावरते आणि त्या प्रत्येक टप्प्यावर कोणते जीव आढळतात, याची ती मांडणी होती. वनस्पतींची यादी १९०८ मध्ये आणि प्राण्यांची १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी नदीपुढील प्रमुख संकट शहरांच्या मैलापाण्याचे होते. त्यामुळे या पद्धतीचा गाभा प्राणवायूच्या कमतरतेभोवती फिरतो. ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या जैविक सनियंत्रण कार्यगटाने प्राण्यांच्या कुळांना १ ते १० गुण देणारी पद्धती तयार केली. बी.एम.डब्ल्यू.पी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. प्राणवायूची कमतरता अजिबात न सोसणाऱ्या मेफ्लाय व स्टोनफ्लायच्या काही कुळांना १०, कायरोनोमिड अळ्यांना २ आणि गांडूळवर्गीय कृमींना १ असे हे गुण आहेत. एकूण गुणांना कुळांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेदरलँड्सच्या सहकार्याने यमुनेवर झालेल्या अभ्यासातून जैविक जलगुणवत्तेचे निकष सिद्ध केले. त्यांत बी.एम.डब्ल्यू.पी.वर आधारित सॅप्रोबिक गुणांक आणि ० ते १ या मर्यादेतील विविधता गुणांक यांची जोडी आहे. दोहोंवरून पाण्याचे स्वच्छ, अल्प प्रदूषित, मध्यम प्रदूषित, तीव्र प्रदूषित व अतितीव्र प्रदूषित असे पाच वर्ग पडतात आणि नकाशावर ते निळ्यापासून लालपर्यंतच्या रंगांनी दाखविले जातात. देशातील संस्थांना एक समान भाषा मिळाली, हे या निकषांचे श्रेय निःसंशय मोठे आहे. तथापि, ही भाषा मुख्यतः सेंद्रिय प्रदूषणाची आहे, हे तिच्या नावातच सूचित होते. ‘सॅप्रोबिक’ या संज्ञेचे मूळ कुजण्याशी निगडित आहे.

एका कल्पित उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. समजा, एका ठिकाणी मैलापाणी येते. तेथे कृमी (१), कायरोनोमिड अळ्या (२), फायसा कुळातील गोगलगायी (३) आणि जळवा (३) सापडल्या. एकूण ९ गुण व सरासरी २.२५. दुसऱ्या ठिकाणी शेतातील कीटकनाशक पावसाच्या पहिल्या लोटाबरोबर उतरले. प्राणवायू भरपूर आहे, परंतु सर्व कीटक व खेकडे नाहीसे झाले. उरले ते कृमी (१), लिम्निया व प्लॅनॉर्बिस कुळांतील गोगलगायी (प्रत्येकी ३), व्हिव्हिपॅरस कुळातील गोगलगायी (६) आणि जळवा (३). एकूण १६ गुण व सरासरी ३.२. गुणांकनानुसार दुसरे ठिकाण पहिल्यापेक्षा बरे ठरले. वस्तुतः तेथे कीटकवर्ग समूळ नष्ट झाला आहे. प्राण्यांनी साक्ष बरोबर दिली होती. सरासरी काढताना आपण ती पुसून टाकली.

उसन्या गुणांची अडचण

दुसरी अडचण गुण उसने घेण्याची आहे. व्हिव्हिपॅरस कुळाला ब्रिटिश यादीत ६ गुण आहेत. आपल्याकडे या कुळाची प्रतिनिधी असलेली बेलामिया बेंगालेन्सिस ही गोगलगाय गावतळ्यांत, जलपर्णीने भरलेल्या व सेंद्रिय द्रव्याने समृद्ध पाण्यात सुखाने वाढते. तिच्या उपस्थितीमुळे आपल्या ठिकाणाची सरासरी विनाकारण वर चढते. कायरोनोमिड कुळाची गोष्ट उलट आहे. शरीरातील हिमोग्लोबिनमुळे लाल दिसणाऱ्या, प्राणवायूविना तग धरणाऱ्या अळ्या या कुळात आहेत, तशाच स्वच्छ खळाळांत राहणाऱ्या जातीही आहेत. सर्वांना सरसकट २ गुण देणे अन्यायाचे आहे. स्टोनफ्लाय मुख्यतः थंड पाण्यातील कीटक आहेत. दख्खनच्या पठारावरील मंद व उष्ण प्रवाहात ते आढळले नाहीत, म्हणून ती नदी दूषित ठरत नाही.

ही शंका नवी नाही. शिवरामकृष्णन, हॅनाफर्ड व रेश यांनी १९९६ मध्ये कावेरी खोऱ्यातील तळवासी प्राण्यांचा अभ्यास करताना, अन्य देशांत विकसित झालेल्या पद्धती दक्षिण भारतात कितपत लागू पडतात, हाच प्रश्न विचारला होता. नेपाळने स्वतःची नेपबायोस ही गुणांकन पद्धती सिद्ध केली. थायलंडनेही ब्रिटिश यादीत स्थानिक फेरफार केले. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून वाहणाऱ्या नद्यांसाठी अशी स्थानिक यादी तयार करण्याचे काम अद्याप आपली वाट पाहत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०११ च्या अहवालात पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचे मूल्यमापन झाले. परंतु त्यात मासे, मृदुकाय प्राणी, चतुर-टाचण्या व जलवनस्पती यांचा समावेश होता. जलपरीक्षेत सर्वांत बोलके असणारे मेफ्लाय व कॅडिसफ्लाय त्याबाहेर राहिले.

विविधता निर्देशांकाचा गैरवापर

आपल्या निबंधांत सर्वाधिक दिसणारा आकडा शॅनन निर्देशांकाचा आहे. विल्म व डॉरिस यांनी १९६८ मध्ये सुचविलेली मर्यादा त्याच्या सोबतीला येते: निर्देशांक ३ पेक्षा अधिक असल्यास पाणी स्वच्छ, १ ते ३ असल्यास मध्यम प्रदूषित आणि १ पेक्षा कमी असल्यास तीव्र प्रदूषित. त्यांनी ही मर्यादा २ या पायाच्या लॉगरिदमने काढलेल्या निर्देशांकासाठी दिली होती. आपल्याकडे निर्देशांक बहुधा नैसर्गिक लॉगरिदमने काढला जातो, तुलना मात्र त्याच मर्यादेशी होते. पाया कोणता घेतला याचा उल्लेखही पुष्कळदा नसतो.

ही चूक किती महागात पडते ते पाहू. एका नमुन्यात १० जाती सारख्या संख्येने आढळल्या, असे समजा. २ या पायाने निर्देशांक ३.३२ येतो, म्हणजे पाणी स्वच्छ. नैसर्गिक लॉगरिदमने तो २.३० येतो, म्हणजे मध्यम प्रदूषित. १० या पायाने तो बरोबर १.०० येतो, म्हणजे तीव्र प्रदूषणाचा उंबरठा. प्राणी तेच, पाणी तेच. बदलली ती गणकयंत्रावरील कळ. अशा आकड्याच्या आधारे एखाद्या कारखान्याला दोषी किंवा निर्दोष ठरविणे कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार आपण करावयास हवा.

त्याखेरीज विविधता निर्देशांकाला प्राण्यांची ओळख नसते. दहा सहनशील जाती आणि दहा संवेदनशील जाती त्याच्या लेखी सारख्याच. डोंगरातील नितळ झऱ्यात अन्नद्रव्य कमी असल्याने विविधता मुळातच मर्यादित असू शकते आणि थोडे सेंद्रिय द्रव्य मिसळले की ती वाढूही शकते. म्हणून एकट्या विविधतेवरून रासायनिक प्रदूषणाचा निर्वाळा देता येत नाही.

बंधारा : दुर्लक्षित राहिलेला घटक

कोल्हापूर जिल्ह्यातील नद्यांबाबत एक घटक स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. तो म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्यात बरगे घातले जातात, पाणी तुंबते आणि उपसा सिंचनाने ते उसाला मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले जातात. या व्यवस्थेने जिल्ह्याची शेती उभी राहिली, हे निर्विवाद आहे. परंतु तळवासी प्राण्यांच्या दृष्टीने वर्षातील सात-आठ महिने नदीचे तळ्यांच्या मालिकेत रूपांतर होते. खळाळ बुडतात, दगडांवर गाळ बसतो, तळाजवळचा प्राणवायू घटतो. वाहत्या पाण्यातील मेफ्लाय व कॅडिसफ्लाय निघून जातात आणि गाळात राहणाऱ्या लाल अळ्या, कृमी व गोगलगायी वाढतात. पाण्यात विषाचा थेंब नसतानाही हे घडते.

आता एखादा अभ्यासक बंधाऱ्याच्या वरच्या तुंबलेल्या पाण्यातून एक आणि दूरच्या खळाळातून दुसरा नमुना घेतो, दोहोंतील फरक दाखवितो आणि मधल्या कारखान्याकडे बोट करतो. असा निबंध उद्या न्यायालयात किंवा हरित न्यायाधिकरणापुढे गेला, तर कारखान्याचा वकील एकच प्रश्न विचारील: हा फरक रसायनाचा की बंधाऱ्याचा? त्याचे उत्तर निबंधात नसेल. मग खरोखर प्रदूषण झाले असले तरी तक्रारदार गावकरी तोंडघशी पडतील. पद्धतीतील हलगर्जीपणाची किंमत शेवटी नदीकाठच्या माणसाला मोजावी लागते. म्हणून तुलना नेहमी सारख्यांशी, म्हणजे तुंबलेल्या पाण्याची तुंबलेल्याशी, खळाळाची खळाळाशी आणि एकाच ऋतूत व्हावी. पावसाळी पुराने तळ धुवून निघाल्यानंतरच्या नमुन्याची मे महिन्यातील नमुन्याशी तुलना करून काही सिद्ध होत नाही.

रासायनिक साक्ष कशी वाचावी?

यावरून तळवासी प्राणी रासायनिक प्रदूषण दाखवू शकत नाहीत, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ते दाखवितात, पण त्यासाठी तीन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : कोण नाहीसे झाले? प्रत्येक विष आपली निवड करते. मज्जासंस्थेवर आघात करणारी कीटकनाशके कीटक व कवचधारी संधिपादांना मारतात. गोगलगायी व कृमी तुलनेने टिकून राहतात. इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाला मेफ्लाय विशेष बळी पडतात. तांब्याचे क्षार याउलट मृदुकाय प्राण्यांना विशेष घातक आहेत. गोगलगायींच्या नाशासाठी मोरचूद वापरला जातो तो त्यामुळेच. मैलापाणी या दोहोंहून निराळी निवड करते. त्यात प्राणवायू कमी असताना जगू शकणारे सर्वच टिकतात. हेच तत्त्व पायाभूत धरून लीस व फॉन डर ओहे यांनी २००५ मध्ये स्पिअर हा निर्देशांक मांडला. कीटकनाशकाला शरीराने किती संवेदनशील, पिढीचा काळ किती, फवारणीच्या दिवसांत जलचर अवस्था पाण्यात असते काय, अशा गुणधर्मांवरून त्यात प्राण्यांची विभागणी होते. २०१३ मध्ये बेकेटोव्ह व सहकाऱ्यांनी जर्मनी, फ्रान्स व ऑस्ट्रेलियातील ओढ्यांची तुलना केली, तेव्हा युरोपातील कीटकनाशकयुक्त ओढ्यांत जाती व कुळांची प्रादेशिक संख्या ४२ टक्क्यांपर्यंत घटल्याचे दिसले. ऊस, भात व मिरचीच्या फवारणीचे पाणी ज्या ओढ्यांतून उतरते, त्या आपल्या परिसरासाठी हा प्रश्न जवळचा आहे.

दुसरा प्रश्न : शरीरात काय साठले? शिंपले पाणी गाळून अन्न मिळवितात आणि त्याबरोबर धातू व काही सेंद्रिय विषे त्यांच्या ऊतींत साठतात. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या जागतिक पाहणीची कल्पना मांडली ती याच आधारावर. आपल्या नद्यांतील लॅमेलिडेन्स हा शिंपला या कामासाठी योग्य आहे. तो मोठा आहे, दीर्घायुषी आहे आणि जागा फारशी सोडत नाही.

तिसरा प्रश्न : शरीराचे काय झाले? हॅमिल्टन व सेथर यांनी १९७१ मध्ये कॅनडातील सरोवरांत कायरोनोमिड अळ्यांच्या मुखावयवांतील विकृती नोंदविल्या. पुढील संशोधनात अशा विकृतींचा संबंध धातू व अन्य विषांनी दूषित गाळाशी जोडला गेला. सागरी गोगलगायींत, जहाजांच्या रंगातील ट्रायब्युटिल टिनमुळे, माद्यांना नरांचे अवयव फुटण्याची विकृती उद्भवते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी भारतीय किनाऱ्यावरही तिची नोंद केली आहे. अशा पुराव्यांतून २००१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००८ मध्ये तो अमलात आला. एका गोगलगायीच्या शरीराने जगभरच्या जहाजांचा रंग बदलला, तो तिची साक्ष विशिष्ट होती म्हणून. ‘मध्यम प्रदूषित’ एवढ्या मोघम शब्दाने ते साधले नसते.

या तिन्ही प्रश्नांना गाळाच्या रासायनिक परीक्षणाची जोड हवी. चॅपमन व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मांडलेली गाळ-गुणवत्तेची त्रिसूत्री, म्हणजे गाळातील रसायने, गाळाची प्रयोगशाळेतील विषाक्तता आणि प्रत्यक्ष तळवासी समुदाय, आजही मार्गदर्शक आहे. तिन्ही साक्षी जुळल्या तरच आरोप सिद्ध धरावा.

पंचगंगा आणि घटप्रभा

या दृष्टीने पंचगंगा ही अवघड नदी आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे सुरू होणारा हा प्रवाह नृसिंहवाडीला कृष्णेस मिळेपर्यंत कोल्हापूर शहराचे मैलापाणी, साखर कारखान्यांचे सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे पाणी आणि शेतीचा निचरा असे चार प्रकारचे भार झेलतो. या चौघांची खूण निराळी असली तरी ती एकमेकींत मिसळते आणि त्यावर बंधाऱ्यांचा थर चढतो. येथे एका सरासरी गुणांकाने चौघांपैकी कोण किती जबाबदार हे सांगता येणार नाही. प्राण्यांच्या साक्षीची आणखी एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. अशा विषाणूजन्य साथीची पूर्वसूचना तळवासी प्राणी देऊ शकत नाहीत. तेथे पाण्याची सूक्ष्मजैविक तपासणीच हवी.

घटप्रभेची स्थिती वेगळी आहे. चंदगड तालुक्यातील डोंगरांतून फाटकवाडी प्रकल्पामार्गे ती नेसरी परिसरात येते आणि पुढे कर्नाटकात हिडकल जलाशयात जाते. नेसरीच्या वरच्या अंगाला तिच्या काठी मोठे शहर नाही. बंधारे आहेत, ऊस आहे, फवारणी आहे. परंतु पंचगंगेसारखी सर्व भारांची गुंतागुंत नाही. त्यामुळे एकट्या शेतीरसायनांची खूण शोधण्यास हा पट्टा तुलनेने सोपा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संदर्भस्थितीची. ब्रिटनमध्ये १९७७ पासून सुरू झालेल्या संशोधनातून रिव्हपॅक्स ही पद्धती आली. कमीत कमी बिघडलेल्या ठिकाणांवरून, एखाद्या स्थळी कोणते प्राणी असावयास हवेत याचा अंदाज ती करते आणि प्रत्यक्षात सापडलेल्यांशी त्याची तुलना करते. असावयास हवे ते ठाऊक नसेल, तर काय गेले हे कसे सांगणार? पंचगंगेत पूर्वी कोणते मेफ्लाय होते याची पुरेशी नोंद आपल्या हाती नाही. घटप्रभेबाबतही तीच वेळ येऊ नये.

निष्कर्ष

१) तळवासी जलचर हे नदीच्या दीर्घकालीन स्थितीचे विश्वसनीय साक्षीदार आहेत. तथापि, सॅप्रोबिक व बी.एम.डब्ल्यू.पी. गुणांकन मुख्यतः सेंद्रिय प्रदूषण मोजते. केवळ त्यावरून रासायनिक प्रदूषण सिद्ध झाले, असे लिहू नये.

२) शॅनन निर्देशांक देताना लॉगरिदमचा पाया व ओळखीची पातळी, म्हणजे कूळ, प्रजाती की जाती, यांचा उल्लेख अनिवार्य मानावा. परीक्षक मंडळांनी त्याविना निबंध स्वीकारू नये.

३) नमुनास्थळाचे बंधाऱ्यापासूनचे अंतर, बरगे घातल्याची व काढल्याची स्थिती, तळाचे स्वरूप आणि ऋतू यांची नोंद असल्याशिवाय दोन स्थळांची तुलना ग्राह्य धरू नये.

४) रासायनिक निदानासाठी नाहीशा झालेल्या गटांचे स्वरूप, शिंपल्यांतील संचय, अळ्यांतील विकृती आणि गाळाचे परीक्षण यांची सांगड घालावी. ज्या महाविद्यालयांत रासायनिक उपकरणे नाहीत त्यांनी विद्यापीठ विभागांचे साहाय्य घ्यावे आणि प्राण्यांच्या ओळखीसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील केंद्राशी संपर्क ठेवावा.

५) ओळखलेले नमुने मद्यार्कात जतन करून, स्थळ व दिनांकाच्या चिठ्ठीसह महाविद्यालयात ठेवावेत. आज चुकलेली ओळख उद्याचा अभ्यासक दुरुस्त करू शकेल. केवळ तक्त्यातील आकडा दुरुस्त होत नाही.

घटप्रभा, हिरण्यकेशी व ताम्रपर्णी यांच्या काठच्या महाविद्यालयांनी दरवर्षी एकाच महिन्यात, ठरलेल्या खळाळांवर ही नोंद सुरू केली, तर दहा वर्षांत या खोऱ्याची स्वतःची गुणयादी तयार होऊ शकते. त्यासाठी जाळी, पांढरे तबक, भिंग आणि चिकाटी एवढेच भांडवल पुरेसे आहे. नदी बिघडल्यानंतर होणारे पंचनामे आपण पुष्कळ पाहिले. ती बरी असतानाची साक्ष नोंदविणे हे आपल्या हाती असलेले काम आहे, आणि ते पुढे ढकलल्यास नंतर करता येणारे नाही.